‘जैसे थे’चं घर

आमच्या बागेत नारळ पडल्याचा आवाज आला की घरातलं कोणी जागचं हलत नसे. दुसऱ्यांच्या बागेत नारळ पडला की पोरं धावतात, म्हातारी पडवीतून ओरडते. आमच्याकडे धप्प आवाज व्हायचा, बावांच्या हातातला घास क्षणभर थांबायचा, घराच्या मधल्या कुडाच्या पलीकडे दाऊदचाचांचाही थांबत असणार, आणि मग दोन्हीकडची जेवणं पुढे सुरू व्हायची. नारळ पडल्या जागी राहायचा. तिथेच त्याला कोंब फुटायचा, आणि वाट चालताना आम्ही पाय उचलून त्या कोंबांवरून जायचो. दाराशी माडांची एवढी बाग, आणि आय मात्र बाजारातून नारळ आणवायची. तोही जपून वापरायची. त्यामुळे आमच्या घरचं बोंबलाचं कालवण इतकं पातळ असायचं की ताटात ते उताराच्या बाजूला पळायचं. कोकणात राहून बिनखोबऱ्याचं कालवण खाणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळेल. पडलेल्या नारळांना हात लावायला आम्हाला कोर्टाची मनाई होती.

आमचं गाव खाडीच्या मुखाशी. बागेच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या पायऱ्या चढून गेलं की पिराचा दर्गा. फार पूर्वी कुणा गलबतवाल्या व्यापाऱ्यानं तुफानातून वाचल्याबद्दल ही बाग, हे घर आणि खाडीपलीकडची भाताची खाचरं अल्लाच्या नावानं सोडली, ती वक्फ झाली. वक्फ म्हणजे ती मिळकत विकायची नाही, वाटून घ्यायची नाही. तिच्या उत्पन्नातून पिराची दिवाबत्ती, सालाचा उरूस आणि आल्यागेल्या वाटसरूचं जेवण करायचं, आणि हा कारभार ज्याच्या हाती तो मुतवल्ली. त्यानं या वक्फच्या घरात राहावं आणि रोज तिन्हीसांजेला पिराला दिवा लावावा, अशी चाल. माझे आजोबा मुतवल्ली होते. त्यांच्यामागे बावा झाले. तेव्हा बावांचे चुलतभाऊ दाऊदचाचा म्हणाले की घराण्याची थोरली पाती आमची, मान आमचा. बावा म्हणाले, मान तुझा असता तर माझ्या बानं मला दिव्याच्या तेलाची बुधली दिली नसती. इथवर सगळं घरातलंच होतं. पण एक दिवस दोघेही वेगवेगळ्या वाटेनं वकिलाकडे गेले आणि परत आले ते एकमेकांशी बोलणं टाकूनच.

माझी नात आता वकिलीचं शिकते. तिच्या पुस्तकात ‘अधिकारक्षेत्र’ असा मोठा शब्द आहे. तो तिनं मला समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, बाई गं, माझी सगळी तरुण वर्षं मी त्या शब्दाच्या पोटात काढली आहेत. तालुक्याच्या कोर्टानं सांगितलं, हा धर्मादायाचा मामला आहे, तो आमच्याकडे चालत नाही, जिल्ह्याला जा. रत्नागिरीच्या कोर्टानं कागद बघून सांगितलं, निम्मी मिळकत खाडीपलीकडे आहे, आणि खाडीपलीकडे इंग्रजांचं राज्य नाही, तिथे हबसाण, नवाबाचं संस्थान, तिथला कारभार वेगळा. मूळ दस्तही तिकडचाच, तेव्हा मुतवल्ली कोण ते आधी तिकडे ठरवून आणा. दोघे होडीनं पलीकडे गेले. तिथल्या कचेरीत म्हणाले, पीर तुमच्या काठावर निजला आहे, आमचा हुकूम खाडीच्या मध्यापर्यंतच चालतो. मग पुन्हा रत्नागिरी. निकाल कोण देणार हेच ठरत नव्हतं, निकाल तर लांबच. पण पहिल्याच खेपेला तालुक्याच्या कोर्टानं जाता जाता एक हुकूम देऊन ठेवला होता, आणि तो मात्र सगळीकडे चालत होता. निकाल होईस्तोवर ‘जैसे थे’.

हुकूम बजावायला कोर्टाचा माणूस आला. मला तो चांगला आठवतो, कारण त्याला चहा कोणी द्यायचा यावरूनही आमच्यात ताण पडला आणि शेवटी बिचाऱ्यानं दोन्हीकडचा घेतला. त्यानं घर पाहिलं. घराच्या मधोमध तोवर कूड उभा राहिला होता, अलीकडे आम्ही, पलीकडे चाचा आणि हाजराचाची. कोणाच्या ताब्यात कुठली खोली, कुठल्या बाजूला कोण कोण राहतं, हे त्यानं विचारून विचारून लिहिलं. माझंही नाव विचारलं. नारळ पाडायचे नाहीत, पडलेले उचलायचे नाहीत, घरात फेरफार करायचा नाही, असं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तो गेला.

त्या दिवसापासून बावांनी ‘जैसे थे’ हे जणू कलम्यासारखं घोकलं. छपराची कौलं परतू दिली नाहीत. पावसाळ्यात माझ्या अंथरुणाशेजारी टोप, आयच्या उशाशी परात, आणि रात्रभर टपटप. पडवीतला मोडका बाक मोडकाच राहिला. घर रिकामं सोडायचं नाही, कारण रिकामं दिसलं की पलीकडचा ताबा सांगेल. आम्ही तिघं मिळून कधी उंबऱ्याबाहेर पडलो नाही. मामांच्या घरी लग्न निघालं तेव्हा आय हळदीला गेली, ती आल्यावर मी निकाहाला गेले, आणि बावा गेलेच नाहीत. कुडापलीकडेही तोच प्रकार. दोन्ही कुटुंबं एकमेकांवर पहारा करत घरात बसलेली. तुरुंगात निदान पहारेकरी संध्याकाळी घरी जातो.

आणि दिवा. वकिलानं बावांना बजावलं होतं की ज्याचा दिवा त्याची वहिवाट, एकही सांज चुकता कामा नये. चाचांच्या वकिलानंही त्यांना हेच सांगितलं असणार, कारण पिराला रोज दोन दिवे लागू लागले. दर्ग्याच्या उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यांत डावीकडे आमचा, उजवीकडे त्यांचा. दोघे पुरुष आपापली बुधली घेऊन पायऱ्या चढायचे, एकमेकांकडे न बघता लोबान टाकायचे आणि उतरायचे. पिराला आयुष्यात मिळाला नव्हता एवढा उजेड त्या भांडणानं मिळाला. मात्र तारखेच्या दिवशी दोघेही रत्नागिरीला गेलेले असत. बावांचं म्हणणं, तारखेला मी दिव्याला गैरहजर राहिलो तर कोर्टच साक्षी आहे की मी कोर्टात होतो, बाकी दिवशी मात्र माझाच हात हवा. आयला दमा, तिला पायऱ्या चढवत नसत. म्हणून तारखेच्या सांजेला आमच्याकडून मी आणि पलीकडून हाजराचाची वर जायचो. पुरुष गेले की आम्ही बोलायचो. वर्षानुवर्षं माझ्याशी पोटातलं बोलणारं बाईमाणूस तेवढं एकच होतं, आणि ती आमच्या प्रतिपक्षाची बायको.

माझा निकाह बुरोंडीच्या अब्दुल्लाशी ठरला होता. तो आगबोटीवर कामाला. माणसं बरी, ओळखीतली. बुरोंडी तरी काय लांब, मचव्यानं निम्म्या दिवसाची वाट. एक पावसाळा गेला, बावा म्हणाले, तारीख जवळ आली आहे, ती होऊ दे. दुसरा गेला, बावा म्हणाले, हा जज्ज बदलणार आहे, नवा काय म्हणतो बघू. बुरोंडीहून निरोप यायचे, आधी गोड, मग नुसते, मग येईनासे झाले. एक दिवस मी भाकऱ्या थापत असताना आयनं बावांना सरळ विचारलं.

“पोरीला कंदी धाडनार? तिच्या बरोबरीच्यांची पोरां चालाय लागली.”

“धाडनार कशी?” बावा म्हणाले. “साहेबाच्या कागदावर तिचां नाव हाय. अलीकडल्या बाजूस तीन मानसां, असां लिवलांय. एक मानूस कमी झाला तर ‘जैसे थे’ मोडलां नाय काय? दाऊद टपूनच बसलाय.”

तव्यावरची भाकरी करपली. कौलांबद्दल, बाकाबद्दल बावा असं म्हणायचे तेव्हा आम्ही मायलेकी मागे हसत असू. पण त्या दिवशी मला कळलं की बावांच्या मनात मीही त्या बाकाच्याच रांगेत आहे. मला त्या घराचा संताप आला. त्या माडांचा, पडणाऱ्या नारळांचा, अगदी पिराचाही आला, आणि लगेच भीती वाटून मी मनातल्या मनात तोबा केली. त्या रात्री नारळ पडला तेव्हा वाटलं, याला निदान पडायला मिळतं.

पुढच्या तारखेच्या सांजेला मी हे हाजराचाचीला सांगितलं. ती वात वळता वळता थांबली.

“तुजा बावा येडा,” ती म्हणाली, “नि माजा दादला त्याच्याहून येडा. पन कोर्ट तरी येडा नसंल. जा, कोर्टालाच इचार म्हनावां.”

तिनं हे वैतागून म्हटलं होतं. मी ते घरी येऊन आयला सांगितलं, आयनं बावांना. आणि बावांना ते पटलं! कोर्टाचं नाव निघालं की त्यांना काहीही पटायचं. त्यांचा वकील म्हणाला, असला अर्ज मी देणार नाही, माझं हसं होईल. तेव्हा बावांनी कचेरीबाहेर वडाखाली बसणाऱ्या अर्जनविसाकडून तो लिहून आणला. माझी मुलगी खतीजा हिला लग्न करून सासरी जाण्याची परवानगी असावी, आणि ती गेल्यामुळे माझ्या ताब्यास बाध येऊ नये. तारीख पडली तेव्हा मला बरोबर घेतलं, कोर्टानं मुलगी बघायची म्हटलं तर पंचाईत नको म्हणून. आय म्हणाली, दिव्याचं मी बघते, तुम्ही जा. पायऱ्या तिला चढवत नसताना ते कसं, हे बावांनी विचारलं नाही. मला माहीत होतं की कोण दोन बुधल्या घेऊन चढणार ते.

पडावातून आगबोटीवर चढलो तर दाऊदचाचाही त्याच बोटीवर. दुसरी बोट असणार कुठून? दोघे नेहमी असेच जायचे, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. बावांनी भाकरी सोडली, तिकडे चाचांनी सोडली. आमच्याकडे लसणीची चटणी होती. बावांनी तिच्यातली निम्मी एका भाकरीवर घातली आणि ती भाकरी कुणालाही न देता बाकावर ठेवून दिली. थोड्या वेळानं चाचा पाणी प्यायला त्या बाजूला आले, आणि परत गेले तेव्हा भाकरी तिथे नव्हती. मी बावांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते.

कोर्टात मी बुरख्याआडून बघत होते. माणसांनी ती खोली भरली होती, सगळे आपापल्या कागदाकडे बघत होते. आमचं नाव पुकारलं. जज्जसाहेबांनी अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला, चष्मा काढला.

“मुलीचं लग्न ठरलेलं आहे?”

“व्हय हुजूर.”

“मग अडलं कुठे?”

“जैसे थे आडवतांय, हुजूर,” बावा म्हणाले.

खोलीभर हशा पिकला. आमचे वकील खाली मान घालून बसले. जज्जसाहेब हसले नाहीत, ते मी अजून विसरले नाही. त्यांनी मला एकदा पाहिलं, मग बावांना.

“हे बघा. मनाई बागेला आहे, घराला आहे. माणसांना नाही. तुमच्या मुलीच्या लग्नावर या कोर्टाचा अधिकार चालत नाही.”

इतक्या वर्षांत हे वाक्य बावांनी इतक्या कचेऱ्यांत ऐकलं होतं की त्यांच्या तोंडून सवयीनं पुढचा प्रश्न निघून गेला.

“मग कोनच्या कोर्टाचा चालतो, हुजूर?”

“कोणत्याच नाही. तुम्ही बाप आहात. तुमचा चालतो.”

शिपायानं पुढचं नाव पुकारलं. आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, आता बावा म्हणतील, चल, बुरोंडीला निरोप धाडू. बावा कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहिले, टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, “एवढा पावसाळा सरू दे, खतीजा. मग बघू.”

मी बावांना उलटून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. “बावा, ही तारीख कोनच्या कोर्टाची?”

ते खाली पायरीवरच बसले. येणारे जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी घाबरले, मला वाटलं आता भर रस्त्यात ओरडतील. पण ते माझ्याकडे न बघताच हळू बोलले.

“मना भ्या वाटतां गो. दाऊदचां नाय. तू गेलीस की त्या घरात मी, तुजी आय नि खटला. तिगांच उरनार.”

आमच्या मागे जरा वर चाचा उभे होते. त्यांनी हे ऐकलं असावं. ते पायऱ्यांच्या दुसऱ्या कडेनं उतरून गेले. मी बावांच्या शेजारी बसले आणि रडले, त्यांच्यासाठी का माझ्यासाठी ते मला तेव्हाही कळलं नाही. मला त्या माणसाची दया येत होती, आणि तरी मला जायचंच होतं. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला बावा बुधली घेऊन निघाले तेव्हा मला म्हणाले, तूही चल. वर चाचा त्यांच्या कोनाड्यापाशी होते. बावांनी दिवा लावला, लोबान टाकला, फातिहा म्हटली. मग भिंतीकडेच बघत म्हणाले, “दाऊद.”

चाचांच्या हातातली काडी विझली. कूड घातल्यापासून त्या नावानं बावांनी त्यांना हाक मारली नव्हती.

“खतीजाचा निकाह लावतांय. घरातलां एक मानूस कमी होनार. कोर्टात सांगनार काय?”

चाचांनी दुसरी काडी ओढली, वात सारखी केली, दिवा नीट लागल्याची खात्री करून घेतली.

“सांगनार,” ते म्हणाले. “मना माजा हक सोडाचा नाय.” बुधलीचं बूच लावून ते पायऱ्या उतरू लागले, आणि तिसऱ्या चौथ्या पायरीवर थांबून म्हणाले, “पन निकाहाला येनार.”

आले. हाजराचाचीनं माझ्या हातांवर मेंदी काढली आणि कानात सांगितलं, “तारखेच्या सांजेचां तू मनात आनू नको. दोनी दिवे लागतील. कुनी इचारलां तर मी खोटां बोलनार नाय, पन इचारनार कोन?” आयनं उधारउसनवार करून सांदणं केली, बाजारच्या नारळाची. मोडक्या बाकावर मौलवी बसले, तेव्हा बाकाच्या पायाखाली चाचांनी दगड सरकवला. हा घरातला फेरफार होता की नव्हता, कोण जाणे.

मचवा भरतीला सुटायचा होता. सगळे बागेतून बंदराकडे निघालो. बावा माझ्या पुढे, आणि दर पाच पावलांवर सूर्य कुठे आला ते बघत. त्यांना सांजेच्या आत वर पोचायचं होतं. बागेच्या मध्यावर आलो आणि समोर धप्प करून नारळ पडला. सवयीनं सगळे थांबले, आणि सवयीनंच पाय उचलून पुढे चालणार, तोच दाऊदचाचा वाकले. त्यांनी तो नारळ उचलला, लुंगीला पुसला आणि माझ्या पदरात घातला.

“पोरगी रिकाम्या पदरानं जाते काय सासरी?”

कोणी हललं नाही. सगळा गाव साक्षीला, दिवसाढवळ्या, कोर्टाचा हुकूम मोडलेला. बावांच्या वकिलानं हे ऐकलं असतं तर आनंदानं उडी मारली असती. बावांनी नारळाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, आणि मग तोंड वळवून मचव्याच्या तांडेलाला जोरात हाक मारली, “अरे, भरती लागली काय रे?”

हे त्यांनी कोर्टात कधी सांगितलं नाही. खटला त्यांच्यामागे आणि चाचांच्यामागेही चालूच राहिला. आता तिथे कमिटी आहे, नारळ पाडायला पाडेली येतो, आणि कोण जिंकलं म्हणून नात विचारते तेव्हा मला धड सांगता येत नाही. बावा मात्र बुरोंडीला कधी आले नाहीत. सकाळी निघून सांजेला परत पोचता येत नाही, एवढंच अंतर होतं. मुलं झाली, घर वाढलं, माझ्या दारात मी दोन माड लावले, त्यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. मीच जायचे, आणि उतरती उन्हं दिसली की ते माझ्याशी बोलता बोलता बुधली शोधायला उठायचे.

त्या दिवशी बुरोंडीला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सकाळी सासूनं तो नारळ फोडला. पाणी सगळ्यांना थोडं थोडं दिलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “गोड हाय गो. कुनाच्या बागेतला?”

पदर डोक्यावर, नवी सून, सगळे माझ्याकडे बघत होते. तिन्ही कचेऱ्यांना जे सांगता आलं नव्हतं ते मी काय सांगणार होते?

“माझ्या माहेरचा,” मी म्हटलं.